जोव्हिअलचं माहेर

मला बघायला आले होते, आणि मुलाने स्वभाव विचारल्याबरोबर मी माणसांनी भरलेल्या ओटीवर ठणकावून सांगितलं, "आय ॲम जोव्हिअल!" काय ते धाडस! धड पातळ सावरता येत नव्हतं, पण इंग्रजी हवं.

हा शब्द मला देणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या बाई भाट्याला, आमच्या समुद्रकाठच्या गावात, शेजारीच राहायच्या. त्या हसल्या की माडांची तीन आगरं ओलांडून पलीकडे कळायचं. नवा शब्द आला की फळ्यावर लिहून त्यालाच विचारायच्या, "काय गो, माहेर कुठलं तुझं?" माहेर कळल्याशिवाय शब्द वापरायला बंदी!

जोव्हिअल आला त्या दिवशी तर बाई टेबलावर ठेकाच धरायला लागल्या. "हिचं माहेर थेट आभाळात! रोमन लोकांचा देव जोव्ह, आणि आपला गुरू ग्रह त्याचा. त्या ग्रहाखाली जन्मलेला माणूस म्हणे सदा आनंदी, चार जणांना हसवणारा. म्हणून जोव्हिअल!"

मी हुरळले. माझ्या पत्रिकेत मंगळ. त्यापायी दोन स्थळं परत गेलेली. इथे गुरू आयता हाती आला! मग काय, आमरस जोव्हिअल, मांजर जोव्हिअल, भाट्याची भरतीसुद्धा जोव्हिअल. बाई कपाळाला हात लावायच्या. "अगो, माणसाला म्हणतात ते. आणि आपणच आपल्याला नाही म्हणायचं, दुसऱ्याने म्हणायचं!"

ऐकते कोण? मुलाच्या आईने "म्हणजे काय?" विचारलं मात्र, मी सुटलेच. "म्हणजे पत्रिकेत मंगळ असला तरी स्वभावात गुरू!"

मंगळाचं बाबा पोह्यांनंतर बेताने काढणार होते. त्यांच्या हातातली बशी हातातच राहिली. माजघराच्या दारात आईशेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडात कोंबला. पाहुणे उठले, बाई त्यांना बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला गेल्या, आणि मी आत भोकाड पसरलं. तिसरं स्थळ मी माझ्याच तोंडाने घालवलं होतं.

बाई देवाघरी गेल्या त्यालाही आता वर्षं झाली. नात मोबाइलवर एखादा नवा शब्द दाखवते तेव्हा माझ्या तोंडून निघतंच, "माहेर कुठलं गो हिचं?" आणि तिचे आजोबा झोपाळ्यावर खुदकन हसतात.

त्या संध्याकाळी बाई बेड्यावरून अक्षरशः धावत आल्या होत्या. धापा टाकत म्हणाल्या, "रडतेस काय गो? मुलगा विचारत होता, ही नेहमी अशीच असते का. मी म्हटलं, 'शी इज जोव्हिअल.' आता कसा बरोबर वापरला शब्द! ऊठ, तोंड धू. पत्रिका नको म्हणालाय तो."