नवाथ्यांच्या घरचे चाचे

पार्ल्याच्या नवाथ्यांकडे रविवारी दुपारची जेवणं उरकली, की घरात लुटालूट सुरू व्हायची. माजघरात सतरंजी पडे, तिच्यावर पुठ्ठ्याचा पट उलगडे, आणि मग सासरा, सून, नात, कुणी कुणाचं राहत नसे.

पट श्यामसुंदरने काढलेला. तो गोदीकडच्या एका कचेरीत नकाशे काढायचा. समुद्र कुठे किती खोल, खडक कुठे, गाळ कुठे, हे रेखाटण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. नकाशा पुरा झाला की त्यावर साहेबाची सही व्हायची. गोरा साहेब गेला, देशी साहेब आला, सही साहेबाचीच राहिली. श्यामसुंदरला त्याचं काही वाटत नाही, असं शेजारपाजारचे म्हणत. वाटत होतं. फक्त बोलून उपयोग नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. हे फार लवकर कळणं काही चांगलं नाही, पण त्याला कोण काय करणार?

तर या माणसाने एका पावसाळ्यात घरच्यांसाठी खेळ रचला. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा, त्यावरची बंदरं, आणि प्रत्येकाचं पांगाऱ्याच्या लाकडाचं एक गलबत. माल म्हणून गुंजा. वाटेतल्या बंदरांत माल चढवत वेंगुर्ल्याला पोचायचं, ज्याच्या गुंजा जास्त तो जिंकला. फासा नव्हता. नशिबावर श्यामसुंदरचा राग होता, म्हणून नव्हता. आपल्या पाळीला हवं तसं एक-दोन बंदरं पुढे जायचं. दोन गलबतं एका बंदरात आली, की दोघांनी मूठ पुढे धरायची आणि एकदम उघडायची. मुठीत चिंचोका म्हणजे हल्ला, रिकामी मूठ म्हणजे सलोखा. एकाच्याच हातात चिंचोका निघाला तर समोरच्याचा निम्मा माल त्याचा. दोघांच्याही निघाला तर दोघांचा सगळा माल समुद्रात.

खेळाचं नाव ‘चाचे’. अण्णांना, म्हणजे श्यामसुंदरच्या वडिलांना, ते पसंत नव्हतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले अण्णा म्हणत, आपल्या आरमाराला इंग्रज चाचेच म्हणत होते, आता तूही म्हण. पण पटावर बसले की अण्णांइतका निर्दय चाचा सापडला नसता. नात उत्तरा त्यांच्यावर ताण होती. चेहरा इतका भाबडा करायची, की समोरचा रिकामी मूठ धरायचा आणि नागवला जायचा.

आणि वसुधा! सासऱ्यांपुढे मान वर न करणारी ही बाई पहिले काही रविवार खेळायलाच बसेना. बसली तेव्हाही सासऱ्यांच्या गलबतापासून चार बंदरं दूर राहायची. मग एकदा जयगडला गाठ पडली. तिने मूठ उघडली, आत चिंचोका होता. अण्णा डोळ्यांतून पाणी येईतो हसले. पदर तोंडाशी धरून वसुधाही हसली. लग्नानंतर आपली बायको या घरात अशी हसलेली श्यामसुंदरने पाहिली नव्हती. त्याच क्षणी त्याला वाटलं, हा खेळ घरोघरी गेला पाहिजे. आणि पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव पाहिजे. त्याला दुसरं काही नको होतं.

त्यासाठी त्याने बरेच उंबरठे झिजवले. खेळणीवाल्यांनी पट बघितला, वा वा केली आणि चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी उरले घाटकोपरचे चंद्रप्रकाश शेठ. त्यांचा सापशिडी आणि ल्युडो छापायचा कारखाना होता आणि दिवाळीच्या सुमारास ते एखादा नवा खेळ काढत. शेठ माणूस सरळ. म्हणाले, नियम सांगू नका, मला समजत नाहीत. रविवारी तुमच्या घरी येतो, घरच्यांबरोबर एक डाव खेळतो, मजा आली तर छापतो. नाही आली तर पुन्हा विषय नको.

श्यामसुंदर हरखला. अहो, मजा? त्याच्या घरात? शेठना पहिल्या तीन बंदरांत नागवं करून सोडतील ही माणसं, या खात्रीने तो निश्चिंत होता. नियम सोपे, खेळाडू तयार, मग सांगायचं काय होतं कुणाला? त्याने घरात एवढंच सांगितलं की शेठ मोठे आहेत आणि सगळं त्यांच्या हातात आहे. चूक झाली ती इथेच.

रविवारी वसुधाने शिरा केला. ठेवणीतली सतरंजी काढली. उत्तराच्या दोन वेण्या घातल्या. शेठ आले, शिरा खाल्ला, मांडी घालून पटाशी बसले. डहाणूहून गलबतं सुटली. अण्णांची आणि शेठची वसईला गाठ पडली. मुठी पुढे आल्या, उघडल्या. अण्णांची रिकामी. श्यामसुंदरला वाटलं, म्हातारा डाव लांबवतोय. मग अलिबागेला वसुधा. रिकामी. मुरूडला उत्तरा, तिचा चेहरा तर नेहमीपेक्षाही भाबडा. श्यामसुंदर पुढे वाकला. रिकामी.

तोवर शेठना अंदाज आला होता. ते दर वेळी चिंचोका धरू लागले आणि दर वेळी निम्मा माल उचलू लागले. त्यांच्यापुढे गुंजांचा ढीग झाला. श्यामसुंदरने उत्तराला डोळ्यांनी खुणावलं. तिने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, पोरीने डोळे खाली घातले. घाबरलीत सगळी, असं त्याला वाटलं. आता आपणच काहीतरी करायला हवं, म्हणून रत्नागिरीत त्याने स्वतःच शेठना गाठलं. शेठ दर वेळी माल उचलून कंटाळले असावेत, त्यांनी रिकामीच मूठ धरली. श्यामसुंदरच्या हातात चिंचोका होता. शेठ पहिल्यांदाच सरसावून बसले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. श्यामसुंदरने निम्म्या गुंजा ओढल्या.

“श्याम,” अण्णा म्हणाले, “पाहुण्यांचा माल परत कर.”

आवाज वर्गात चढवत तसा नव्हता, हळूच होता. आणि श्यामसुंदरने, केस पिकू लागलेल्या माणसाने, गुंजा परत केल्या. अण्णांचा शब्द परक्या माणसासमोर मोडायचा, हे त्याच्या हातून होण्यातलं नव्हतं. शेठ पुन्हा मागे रेलले. वेंगुर्ला आलं, शेठ जिंकले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहाणा घालताना शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नकाशा एकदम झकास आहे. पण ह्यात मारामारी कुठंय, भाऊ? मी तर बसल्या बसल्या जिंकलो. आमच्या सापशिडीत साप निदान माणसाला गिळतो तरी.”

पुन्हा एक डाव खेळू या, असं श्यामसुंदर म्हणाला. शेठनी घड्याळ पाहिलं. पुन्हा विषय नको असं ठरलं होतं, त्याची त्यांनी अगदी गोडीने आठवण दिली, आणि ते गेले.

तो आत आला तर वसुधा पटावरच्या गुंजा गोळा करत होती. सकाळपासून राबून दमली होती, तरी चेहरा उजळलेला होता.

“खूश होऊन गेले ना? मीच सांगून ठेवलं होतं सगळ्यांना, पाहुण्यांच्या गलबताला हात लावायचा नाही. आपल्या घरी येऊन माणूस लुटला गेला, असं व्हायला नको.”

अण्णांनी मान डोलावली. उत्तराने आपल्याला किती जड गेलं ते सांगितलं.  ओरडावं असं श्यामसुंदरला वाटलं. पण कुणावर? तिघांनीही जीव ओतून त्याच्यासाठीच केलं होतं ते. तो म्हणाला, हो, छान झालं सगळं. पुढे दोन दिवसांनी त्याने सांगितलं की शेठ खेळ काढणार नाहीत, त्यांच्याकडे यंदा कामाची गर्दी आहे. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही, पुढे कधीही नाही.

पुढच्या रविवारी जेवणं लवकर उरकली. कुणी म्हणायच्या आधीच उत्तराने पट आणला. गलबतं सुटली. वसईला अण्णा आणि श्यामसुंदर एकत्र आले. श्यामसुंदरच्या मुठीत सवयीने चिंचोका होता. अण्णांची मूठ उघडली, रिकामी. अलिबागेला वसुधाची उघडली, रिकामी. मुरूडला उत्तराने मूठ पुढे केली आणि बापाकडे पाहून हसली, तेव्हाच त्याला कळलं आत काय आहे ते. खेळ निघाला नाही म्हणून हिरमुसलेल्या त्याला त्या घरात आता कुणी लुटणार नव्हतं. पाहुण्यांना वागवलं तसंच ती सगळी त्याला वागवत होती, आणि त्याचा जीव नकोसा झाला.

तो घसघशीत जिंकला. उत्तराने टाळ्या वाजवल्या. गुंजा डबीत भरता भरता तो वसुधाला म्हणाला, “पुढच्या रविवारी जेवणानंतर जरा पडेन म्हणतो.”

बरं, असं म्हणून तिने सतरंजीची घडी घातली.