चक्कीचं तोंड कुणाकडे?

अंगण सकाळी कितीही लख्ख झाडा, दुपारपर्यंत वारा कोपऱ्यात पाला साठवतोच. नर्सरीतल्या गोष्टींचं तसंच आहे. एक उचलली की खालून दुसरी निघते, आणि ऐकणारी म्हणते, "हौसाबाई, थापा मारताय!" थापा मारायला मला वेळ कुठं होता? लोणावळ्याच्या वरच्या माळावर मुंबईच्या एका शेठची गुलाबाची नर्सरी होती. पवनेच्या धरणाचं काम चाललं होतं त्या सालांत मी तिथं कामाला होते. आम्ही सात बाया, तेल-ग्रीस करणारे शिवाआबा, मॅनेजरसाहेब आणि ती पवनचक्की. ह्या सगळ्यांत घमेंडखोर चक्कीच!

* * *

चक्की यायच्या आधी विहिरीचं पाणी आम्ही डोक्यावरून चढवायचो. चढण अशी, की गुडघे छातीला लागायचे. तिकोणा पेठेची सरू आमच्यात सगळ्यात लहान. त्या चढणीवर दोन वेळा तिचा गर्भ पडला. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी हंडा घेऊन हजर! म्हणून चक्की आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, हे आधीच सांगून ठेवते.

पुण्याचा इंजिनीअर आला, लोखंडाचा मनोरा उभा केला, वर पाती बसवली, मागं शेपूट लावलं. म्हणाला, "बाई, वारा फुकट. डिझेल नको, कोळसा नको, बैल नको. हंडे आता मोडीत घाला!"

मी विचारलं, "आणि वाऱ्यानं दांडी मारली तर?"

तो हसला. चैत्र लागला होता. तो गेला आणि वीस दिवस माळावर पान हललं नाही. वीस दिवस आम्ही हंडे वाहिले, त्या मनोऱ्याच्या सावलीत दम खात!

* * *

पण वारा लागला की मात्र काय काम करायची! पंपाचा दांडा वर-खाली व्हायचा, "हूंऽऽ खट्, हूंऽऽ खट्", आणि टाकी भरून सांडायची. सरूची चढण सुटली. आमची खुरपीसुद्धा त्या ठेक्यावर चालायला लागली.

एका दुपारी आम्ही वाफ्यात बसलेलो. हूं खट्, हूं खट्. चांगला तासभर ठेका चाललेला. मी घाम पुसायला मान वर केली, तर पाती जागच्या जागी उभी! दांडा उभा! आणि आवाज चालूच.

सातही जणींची खुरपी थांबली. मॅनेजरसाहेब ओरडत आले. आम्ही सांगितलं, तर म्हणाले, "अडाणी बायका! रोज ऐकून आवाज कानात बसलाय तुमच्या. मला कुठं ऐकू येतोय?"

मी म्हटलं, "मग साहेब, तुमचा पाय कशावर ठेका धरतोय?"

साहेबांनी पायाकडं बघितलं. पाय थांबवला. त्या दिवशी पुन्हा वाफ्याकडं फिरकले नाहीत.

* * *

पात्यांना पाकोळ्या, ती चिमणीएवढी पाखरं, धडकायच्या. सकाळी मनोऱ्याखाली तीन-चार पडलेल्या असायच्याच. नर्सरीत एक मांजर होती, उंदीर, सरडे, काही म्हणजे काही सोडायची नाही. पण त्या पाकोळ्यांना तिनं कधी तोंड लावलं नाही. लांबून वळसा घालून जायची.

आबा म्हणायचे, "तिला कळतंय, ते कुनाचं ताट हाय."

* * *

हे शिवाआबा बेडशाचे. दर शनिवारी ग्रीसचा डबा घेऊन वर चढायचे. चढायच्या आधी खालची साखळी ओढून आकड्यात अडकवायची, म्हणजे पाती बांधली जायची. मगच शिडीवर पाय.

आता पाणी आपोआप वर चढतंय म्हटल्यावर आसपासच्या वाड्यांतल्या बायांनी काय करावं? त्या आकड्यालाच दोरे बांधायला सुरुवात केली! लेकरासाठी दोरा, हरवलेल्या गाईसाठी दोरा. आमच्यातल्याही दोघी-तिघी होत्या. आकडा दोऱ्यांनी मनगटाएवढा जाड झाला. एका शनिवारी त्याच्यावरून साखळी निसटली आणि आबा वर असताना पाती सुटली! डबा खाली आला. आबा शिडीला घोरपडीसारखे चिकटून राहिले म्हणून वाचले.

खाली आल्यावर म्हणाले, "तुमचा नवस फिटला असता गं, पन बकरा मीच व्हतो!"

मी कलमाचा चाकू घेतला आणि सगळे दोरे कापून चुलीत घातले. बाया म्हणाल्या, "हिचे हात झडतील!" महिनाभर कुणी माझ्याशी बोललं नाही. हात अजून दोन्ही जागेवर आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी या!

* * *

पुढचं ऐकायच्या आधी माळाचा नकाशा डोक्यात घ्या. चक्की जिकडून वारा येतो तिकडं तोंड करते. आमच्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा, थंडीत पूर्वेचा. उत्तरेला डोंगराची भिंत, तिकडून वारा येतच नाही. आणि त्या भिंतीखालीच आमच्या खोल्यांची ओळ.

भादव्यात आबांना ताप भरला, आमच्याच ओळीतल्या खोलीत पडून होते. त्याच दिवशी चक्कीनं उत्तरेला तोंड केलं. सरळ आमच्या खोल्यांकडं! पाती बंद. तीन दिवस तशीच बघत उभी. चौथ्या दिवशी सकाळी आबा गेले. आम्ही रडायला तोंड उघडतोय तोवर चक्की गर्रकन पश्चिमेला वळली आणि टाकीत पाणी पडायला लागलं.

आबांना आंघोळ घातली ती त्याच पाण्यानं. सरू हळूच म्हणाली, "मावशी, ती थांबलीवती गं."

मी म्हटलं, "गप. गंज चढलाय तिला."

* * *

सरूला पुन्हा दिवस गेले होते. ह्या वेळी डोक्यावर हंडा नाही, चढण नाही, दिवस पुरे भरले. वैशाखात तिला कळा लागल्या. त्याच सकाळी चक्की उत्तरेला वळली.

सुईण आत. सरूचा नवरा बाहेर चक्कीकडं डोळे लावून बसलेला. बाया कुजबुजायला लागल्या. दुपार झाली तरी पोर अडकलेलंच. आतून सरू ओरडली, "मावशी, ती बघतिया का गं अजून?"

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मी कासोटा घातला आणि शिडी धरली.

मॅनेजरसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पीत होते. बंगला माळाच्या दक्षिण टोकाला. तिथून ओरडले, "ए हौसा, उतर खाली! आबा गेल्यापासून ग्रीस नाही म्हणून अडकलीय ती. अडाणी कुठली!"

वर पोचले. वाऱ्याची झुळूक नाही. शेपटाला खांदा लावून रेटलं. हलेना. पुन्हा रेटलं. पलीकडून कुणी तेवढ्याच जोरानं रेटावं तसं लागत होतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. "भवाने! पाणी तू पाजलंस म्हणून पोर हितवर आलं, आन आता तूच नेतीस व्हय? फिरव तोंड! न्हाईतर हातोडा आणून तुझं एकेक पातं खाली टाकीन!"

रेटा एकदम गेला. मी तोंडावर आपटता आपटता वाचले. चक्की हलक्या हातानं फिरली. आणि त्याच वेळी खाली खोलीतून पोर रडलं. खणखणीत!

मी शिडी धरून हसत होते की रडत होते, मला आठवत नाही. पण चक्की फिरतच होती. पूर्व गेली. दक्षिण आली, आणि तिथं गपकन थांबली.

व्हरांड्यात साहेबांची कपबशी हातात तशीच राहिली. त्यांनी वर बघितलं. मग मला हाक मारली. इतक्या वर्षांत कधी "ए हौसा"शिवाय बोलले नव्हते, आणि आज म्हणाले, "अहो हौसाबाई... जरा आणखी थोडी ढकलता का?"

मी खांदा लावला. जीव खाऊन लावला.

तसूभर हलली नाही.