धुराड्यावरचा लाल गोल

तळेगाव दाभाड्याच्या मुलीनं आगबोटीचा घोटाळा कसा केला, हे तुम्ही विचारणारच. मी तोवर पाण्यात घागरीखेरीज काही तरंगताना पाहिलं नव्हतं. पण केला खरा. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत, अंघोळ करून, अगदी मनोभावे केला. ओता चहा, सांगते.

लग्नाला चार महिने झाले होते. घरात माणसं तीन: हे, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. ह्यांची कंपनीत शिफ्ट, म्हणजे दिवसभर घरी सासरा आणि सून. मामंजी मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची सगळी वर्षं मालबोटीवर आगवाला म्हणून भट्टीत कोळसा मारण्यात गेलेली. ते बोलायचे कमी, मी त्याहून कमी. दुपारभर घरात बोलायचा तो फक्त स्टोव्ह.

आमचं बोलणं सुरू झालं ते फोटोंवरून. मामंजींच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या मालबोटींचे फोटो होते. पिंपरीचा एक रद्दीवाला त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. बहुतेकांवर नाव नाही, काही नाही. मामंजी भिंग लावून बोट ओळखत बसायचे. एकदा मी भांडी आवरून मागे उभी राहिले, तर मान न वळवता म्हणाले, "डोलकाठ्या मोज."

"तीन."

"धुराडं?"

"एकच. उंच, बारीक."

"म्हणजे जुनी, कोळशावरची. आता धुराड्यावर काय रंगवलंय ते बघ. पट्टा, तारा, काय असेल ते. माणसाचं आडनाव असतं ना, तसं ते. त्यावरनं कंपनी कळते."

मग रोज दुपारी आमची शाळा भरू लागली. त्या शाळेतच मला कळलं, की मामंजी इतकी वर्षं एकच बोट शोधताहेत. स्वतःची. बारा वर्षं तिच्या पोटात काढली, ती भंगारात गेली, आणि तिचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. एक फोटो होता अगदी तिच्यासारखा. डोलकाठ्या जुळत, शिडी जुळे. पण त्यांच्या बोटीच्या काळ्या धुराड्यावर लाल गोल होता, आणि ह्या फोटोतलं धुराडं कोरं. "ती नव्हे," म्हणायचे, आणि तरी तोच फोटो डब्यात सगळ्यांत वर ठेवायचे.

तेवढ्यात आली खंडेनवमी. ह्यांच्या कंपनीत मशीनची पूजा. घरी मी पाटावर विळी, शिवणाची कात्री, ह्यांचे पाने-पक्कड मांडले. मग वाटलं, मामंजींचं काय? त्यांचं फावडं तर बोटीबरोबरच गेलं. ते देवळात गेले होते. मी हळूच डबा उघडला, भिंग आणि वरचा फोटो काढून पाटावर ठेवला.

आता कुंकू लावायचं कपाळाला. बोटीचं कपाळ कुठलं? तुम्हीच सांगा. मला सगळ्यांत ठसठशीत दिसलं ते धुराडं. ओल्या अनामिकेनं बरोब्बर मधोमध टिकली टेकवली. नमस्कार केला. मग पदरानं पुसून फोटो डब्यात ठेवला. म्हणजे, पुसला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली. "सूनबाई, इकडे ये गो."

मामंजींनी भिंग माझ्या हातात दिलं. "धुराडं बघ. गोल हाय ना?"

मी पाहिलं. माझीच टिकली. "आहे," मी म्हणाले. खोटं कुठे होतं ते?

"इतकी वर्षं दिसला नाय मला. आणि गंमत बघ, काळ्यापांढऱ्या फोटोत मला तो लाल दिसतोय. इतकी डोक्यात बसलीय ती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण मामंजी हसत होते. चार महिन्यांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. मी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत सगळी चाळ बोट बघून गेली. ह्यांनी फोटोचं माप देऊन फ्रेम करायला टाकली. आणि मामंजींनी इब्राहिमचाचांना पोस्टकार्ड धाडलं: 'आपली बोट सापडली, रविवारी ये.' चाचा त्याच बोटीवरचे त्यांचे जोडीदार. आता चिखलीला मुलाच्या गॅरेजपाशी राहायचे.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग सांगून टाक त्यांना."

"तुम्ही सांगा ना. वडील तुमचे."

"वडील माझे, पण कुंकू तुझं."

रविवारी चाचा आले. मी शिरा केला, त्यात साखर घातली की नाही ते आजही आठवत नाही. चाचांनी फोटो खिडकीपाशी नेला, मामंजींना म्हणाले,

"शिडी आपली, बाबल्या. डोलकाठ्या आपल्या. पण ह्यो गोल लाल कसा?"

"लालच होता ना आपला?"

"आपला होता रे. फोटोवाल्यानं लाल कुठनं आणला?"

चाचांनी अंगठा ओला केला, धुराड्यावर घासला, नाकाशी नेला. मग खोलीभर पाहिलं. कपाळावर कुंकू असलेलं माणूस खोलीत एकच होतं.

"मामंजी," मी म्हणाले, "खंडेनवमीला मी... तुमचं हत्यार म्हणून..." पुढचं रडण्यात गेलं.

मामंजींनी फोटो हातात घेतला. धुराडं पुन्हा कोरं. माझ्या मूर्खपणानं सापडलेली बोट माझ्याच डोळ्यांदेखत बुडाली होती.

"माझं हत्यार पुजलंस?"

"हो."

"जन्मभर फावडं मारलं. त्याला कोणी कुंकू लावलं नव्हतं." मग घसा साफ करून म्हणाले, "जा, करंडा आण. आमचा गोल ह्याच्या दुप्पट होता."

"आणि जरा वर," चाचा म्हणाले.

दोघे म्हातारे माझ्या दोन्ही खांद्यांवरून वाकले.

"डावीकडे घे."

"तुझं डावं की बोटीचं?"

"गप रे, पोरीला लावू दे."

कुंकू पाण्यात कालवून काडीच्या टोकानं मी गोल काढला. काढता काढता हात थरथरला, आणि कुंकवाचा थेंब धुराड्यावरून सरळ खाली ओघळला. झालं, पुन्हा वाट लावली. मी पदर पुढे केला.

"हात लावू नको," चाचांनी माझं मनगटच धरलं. भिंग फोटोवर टेकवलं. "बाबल्या, बघ तरी. खाऱ्या वाऱ्यानं आपला रंग असाच ओघळायचा की नाय? ह्याच बाजूला?"

मामंजींनी पाहिलं. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"तीच ही," म्हणाले.

शाळेत चित्रकलेला मला कधी काठावरचेसुद्धा मार्क मिळाले नाहीत. जन्मात एकच चित्र हुबेहूब जमलं, तेही हात थरथरला म्हणून.