जाळ्याचा वाटा

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त, कारण ती आमच्याच घरातून निघायची. बाबा मच्छीमारांच्या सभांसाठी मजकूर लिहायचे, छापून आणायचे आणि गठ्ठे माझ्या खाटेखाली सरकवायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. पहिलीत बाईंनी ओळखीचा एखादा शब्द फळ्यावर लिहायला सांगितला, तेव्हा बाकीच्यांनी कमळ, बदक लिहिलं आणि मी 'निषेध'. बाई हसल्या नाहीत. बाबा मात्र ही गोष्ट वर्षभर भेटेल त्याला सांगत होते.

त्यामुळे गावच्या किल्ल्यावर संग्रहालय होणार म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. किल्ला खाडीच्या तोंडावर, कित्येक शतकांचा. लहानपणी त्याच्या तटाखाली आम्ही सुकत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखत बसायचो. आतलं जुनं धान्यकोठार झाडूनपुसून तिथे संग्रहालय मांडायचं ठरलं. वस्तूंची यादी पाहिली: तोफगोळे, तलवारीचं पातं, नाणी, चिनी मातीच्या बशांचे तुकडे. मी समितीच्या बैठकीत उभी राहिले. राजांच्या वस्तू जरूर ठेवा, पण या किल्ल्याचा एकेक चिरा होडीतून आणून वर चढवला कोणी? त्या माणसांची एखादी दोरीसुद्धा इथे का नाही? निवृत्त गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मग तूच आण काहीतरी."

मी रापण आणली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूतली माणसं ओढतात. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा. आमच्या वाडीची रापण काकांची होती. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ओढायला माणसं पुरेनात, वाडीतले काहीजण मुंबईला गेले, काहीजण देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवू लागले, तेव्हापासून ती मांगरात, किनाऱ्यावरच्या झापाच्या खोपीत, घडी होऊन पडली होती. मी सगळ्या वाडीला पटवलं. काकांना विचारलं तर ते फक्त "न्या" म्हणाले. भिंतीवर मावेल तेवढा जाळ्याचा पट्टा आम्ही कोठारात टांगला.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी किल्ल्यात पाऊल टाकलं नाही.

"काका, तू येतलंस मां बघूक?" मी दर महिन्याला विचारायची.

"मेल्याचा तोंड बघून इल्यार न्हावचा लागता," ते म्हणायचे. "माका सर्दी आसा."

सगळी वाडी हसायची, मीही हसायची. पण रात्री आडवं पडलं की वाटायचं, आपण या माणसाच्या हातातलं काढून भिंतीवर टांगलं आणि वर त्याला वारसा म्हटलं. त्यांनी एकदा येऊन बघावं, बरं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. 

यंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं किल्ल्याखालच्या दुकानांत गुळात घोळलेलं खाजं घ्यायला गेलो. गुळाचा वास, आल्याचा वास, लखलखीत ऊन. काकांनी पुडा बगलेत मारला, घराकडे वळायच्या ऐवजी दरवाजाकडे बघितलं आणि म्हणाले, "चल, बघूया तुझा दुकान."

मी जवळजवळ धावतच निघाले.

कोठारात तेव्हा कोल्हापूरहून आलेलं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि दोन मुली. आणि संग्रहालयाचा राखणदार. हा कसालचा, महामार्गावरचा. समुद्र त्याने सुट्टीत पाहिलेला, पण कामाला चोख आणि कामावर असताना बोलणं पुस्तकातलं. मी काकांना तलवारीवरून, नाण्यांवरून पुढे घेऊन गेले आणि माझ्या फलकासमोर उभं केलं. वरची ओळ ठळक होती: 'हे जाळे नव्हे, हा लढा आहे.' मी मोठ्याने वाचून दाखवली.

काका फलकाकडे बघतच नव्हते. ते वर भिंतीकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"उलटा टांगलां गो," ते म्हणाले. "दगड वर, लाकडां खाली! असा सोडलंस तर मासे तुका नमस्कार करून जातीत."

मी पाहिलं. वरच्या दोरीला दगडी वजनं, खालच्या दोरीला तरंगणारी लाकडं. दोन वर्षं मी या जाळ्याखाली उभी राहून शाळांच्या सहलींना इतिहास सांगत होते. रापणकरांची पुतणी! माझे कान तापले आणि सवयीने मी राखणदारावर घसरले. "ही कष्टकऱ्यांच्या ज्ञानाची अवहेलना आहे!"

"मॅडम, जड बाजू खिळ्याला बांधली की पडत नाही, म्हणून तसं केलं," तो शांतपणे म्हणाला. "आणि त्या दिवशी आपण इथेच होतात."

होते खरी. फलक सरळ लागतोय ना, ते बघत होते.

"तिका बोलू नको रे," काका म्हणाले. "तिणा लिवलांच आसा, ह्या जाळा नाय म्हणान." एव्हाना त्यांनी चपला काढल्या होत्या. "शिडी हाड."

"काका, वस्तूंना हात लावू नये, असा नियम आहे."

"तुझ्या बापाशीचो फोटो पाय वर करून टांगलो तर तू नियम बघत बसशीत?"

राखणदाराने दाराकडे पाहिलं, फोटोतल्या बापाचा बहुतेक विचार केला आणि शिडी आणली.

गाठी सुटल्या, जाळं खाली आलं. धूळ उडाली आणि त्या धुळीत खारट वास होता. काकांनी लाकडांच्या दोरीला दोन्हीकडे नव्या दोऱ्या बांधल्या आणि त्या छताच्या वाशावरून खाली सोडल्या. "आता ओढूक माणसां व्हयी."

"आम्ही बी धरू का?" कोल्हापूरच्या ताईंनी विचारलं. त्यांचा पदर आधीच खोचलेला होता.

एका टोकाला मी आणि ते नवरा-बायको, दुसऱ्या टोकाला राखणदार आणि दोघी मुली. मध्ये काका, हात वर करून, जसे वाळूत उभे राहायचे तसे. "ओढाऽऽ!" मी सगळा जोर लावला. आमची बाजू सरसर वर गेली आणि जाळं तिरकं झालं.

"थांब गो! मोर्चो काढलंस काय? त्या टोकाक बघून ओढ!"

"आमी हळू नाय, काका, तीच जोरात आसा!" राखणदार पलीकडून ओरडला. पुस्तक कुठल्या कुठे गेलं होतं.

मग मी त्या टोकाकडे बघायला लागले. मुली दात-ओठ खाऊन लोंबकळत होत्या, राखणदाराचा सदरा पँटीतून बाहेर आला होता. त्यांनी एक हात ओढलं की आम्ही एक हात. जाळं सरळ, हलत, डुलत वर गेलं आणि दगड आपल्या वजनाने खाली उतरले. भिंतभर पडदा ताठ झाला. राखणदाराने दोऱ्या खिळ्यांना बांधल्या आणि कोल्हापूरकरांनी टाळ्या वाजवल्या.  काकांनी जाळ्याच्या विणीतल्या एका फाटक्या घरात बोट घालून ते चाचपलं.

मग बाकावर पुडा सोडला आणि खाज्याचे ढीग मांडू लागले, डाव्या हाताने, एकसारखे. ओढणाऱ्यांचे, स्वतःचा, आणि बाजूला आणखी एक.

"हा कोणाचा?" धाकट्या मुलीने विचारलं.

"जाळ्याचो."

 जाळ्याचा वाटा जाळ्याच्या धन्याचा. माझ्या जन्माआधीपासून तो आमच्या घरी यायचा. काकांनी एकदा वर पाहिलं आणि तो ढीग राखणदाराकडे सरकवला.

"माका कित्याक? माझो मी घेतलंय."

"तुझो येगळो, ह्यो येगळो. जाळा आता तुझ्याकडे आसा, मगे वाटो तुझो. घे."

त्याने दोन्ही हातांनी घेतला.

"आणि माका?" मी म्हणाले. "फलक लिवलंय त्याचो?"

"कागदाचो वाटो नसता गो," काका म्हणाले आणि आपल्या ढिगातलं एक खाजं माझ्या हातावर ठेवलं. "पण बरां केलंस."

बाहेर पडताना चपला घालता घालता त्यांनी मागे वळून विचारलं, "सकाळी कितक्याक उघडतंस रे? ता घर फाटलां आसा, सुतळी घेवन येतंय."

"दहा वाजता," राखणदार म्हणाला. मग खाजं गालात सरकवून म्हणाला, "तुमी आठाक येवा."