आत्याबाईची चूल

आमच्या खानदानात यादी करायची म्हटली की सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळतात. सरकारी कचेरीत बाबू होतो, अक्षर मोत्यासारखं, आणि कागद हाती आला की मी जरा जास्तच ताठ बसतो. बायको म्हणते, तुम्ही जेवायला बसतानाही रकाने आखाल. म्हणू द्या. त्या अक्षराचा मला माज होता. तो कसा उतरला तेच सांगतो. सांगायला चांगलं वाटत नाही, पण आता साठीला टेकलेल्या माणसाने किती दिवस झाकून ठेवायचं?

सत्यभामाबाई माझी आत्या. माझे मोठेबाबा कृष्णराव, बाबा श्यामराव आणि काका टिकाराम या तिघांची ही थोरली बहीण. लग्न कळायच्या आधी झालं आणि नवरा कळायच्या आधी गेला. माहेरी परत आली तेव्हा टिकारामकाका रांगत होते, आणि वर्षभरात माझी आजीही गेली. तेव्हापासून या तीन भावांची आई तीच. पुढे भावांची लग्नं झाली, आम्ही चौदा भावंडं झालो, आणि चौदाही जण तिच्या पायांवर न्हालो. पाय लांब करून बसायची, पोराला पालथं घालायची आणि असं रगडायची की पोर रडून रडून तिथंच झोपायचं. माझ्या पाठीवर तिच्या हाताचा जोर अजून आहे, असं मला कधी कधी वाटतं.

एकाहत्तर साली भाऊ वेगळे झाले. मोठेबाबा करडीलाच शेतीवर राहिले, बाबा कारध्याला आले, काकांनी आंधळगावला दुकान टाकलं. वाटणीचा कागद मीच लिहिला. धानाच्या बांध्या लिहिल्या, बैल लिहिले, भांडी लिहिली आणि भांड्यांच्या खाली लिहिलं: बहीण सत्यभामा, तिन्ही घरी चार-चार महिने. आखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पोळ्यापर्यंत कारधा, पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत करडी, संक्रांतीपासून पुन्हा आखजीपर्यंत आंधळगाव. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट बरोबर चार-चार महिन्यांवर सण येतात हे माझ्या लक्षात आलं म्हणून मोठेबाबांनी माझी पाठ थोपटली.

आत्याबाईने ती पाळी एखाद्या व्रतासारखी पाळली. सणाच्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन निघायची आणि त्याच दिवशी पुढच्या घरी पोचायची. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. आधी पोचली तर जेवायची नाही. "पाळी सरल्याबिगर दुसऱ्या चुलीचं खाऊ नाही," म्हणायची. आम्ही हसायचो. म्हातारीचं खूळ म्हणायचो. आपल्याला कोणी ओझं म्हणू नये म्हणून ती तारखेला एवढी घट्ट धरून आहे, हे कोणाच्या डोक्यात यावं?

ब्याऐंशीच्या संक्रांतीला सगळ्यांनी मिळून गायमुखच्या तीर्थाला जायचं, ही कल्पना तिचीच. वाटणीनंतर तिन्ही घरं एका पंगतीत कधी बसली नव्हती. लग्नकार्यं होत, पण कोणीतरी कोणावर रुसलेलंच असायचं. त्यात मोठेबाबांच्या नातवाला पोरगा झाला आणि आत्याबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिवाळीत मी करडीला गेलो तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "घनश्याम, डोये हाय तंवर तिन्ही घरचे एका पंगतीत जेवताना पायचे हाय मले. मीच वाढीन. येवढं कर."

मी कामाला लागलो, आणि खरं सांगायचं तर मजा आली. चुरणं आटोपून धान घरात आलं होतं, सगळे मोकळे होते. भैय्यालाल नावाचा ओळखीचा ड्रायव्हर होता, त्याचा ट्रक ठरवला. ट्रकात धानाची तणस अंथरायची, वर सतरंज्या. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. मोठेबाबा म्हणाले भोगीला जाऊ, काका म्हणाले दुकानाचा दिवस आहे, बाबा म्हणाले मी समोर बसणार. सगळ्यांची समजूत काढून मी संक्रांत पक्की केली आणि यादी केली. एका पानावर तीन रकाने: करडीची चूल, कारध्याची चूल, आंधळगावची चूल. खाली भांडीकुंडी: गंज, पातेली, पराती. भैय्यालाल धरून माणसं बेचाळीस.

यादी वाचून दाखवायला पुन्हा करडीला गेलो. आत्याबाई अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसली होती. हात पदराला पुसून माझ्याजवळ आली. तिला अक्षर येत नव्हतं.

"माहं नाव कोठी हाय?" तिने विचारलं.

मी तेव्हा मोठेबाबांशी ट्रकच्या वेळेवरून वाद घालत होतो. न बघताच कागदावर बोट ठेवलं. "हे काय, आत्याबाई."

तिने वाकून माझ्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं. "येवढुसंच?"

"मंग केवढं पायजे?" मी म्हटलं आणि सगळे हसले. तीही हसली. बोट मात्र तिने बराच वेळ तिथून उचललं नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी करडीची सगळी मंडळी कारध्याला मुक्कामाला आली. आत्याबाई आली नाही. मोठ्या आईला, म्हणजे मोठेबाबांच्या गोदावरीबाईला, तिने सांगितलं होतं, "उद्या संक्रांत. उद्यापासून मी आंधळगावची. मी त्याइच्या संगं ट्रकात चढतो." कारध्याच्या चुलीवर तिची पाळी नव्हती, म्हणून तिथे मुक्काम नाही. संध्याकाळी ती मोहाडीपर्यंत आली, आनंदाबाई नावाच्या ओळखीच्या बाईकडे पडवीत झोपली, आणि पहाटे आंधळगावला पायी निघाली. हे सगळं मला नंतर कळलं.

संक्रांतीला पहाटे आम्ही कारध्याहून निघालो. धुकं असं की पुलावरून खालची वैनगंगा दिसेना. मागे बायका-पोरांचा कालवा, कोणी गाणी म्हणतंय, कोणाला थंडी वाजतेय. मी पुढे भैय्यालालच्या शेजारी, खिशात यादी, पलीकडे बाबा घोंगडी पांघरून पेंगत होते. मोहाडी सोडून आंधळगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा भैय्यालालने वेग कमी केला.

"साहेब, कोनी बुढी हात दाखवून राहिली."

मला धुक्यात रस्त्याच्या कडेला पांढरं लुगडं दिसलं. डोक्यावर गाठोडं आणि वर केलेला एक हात. मी नीट पाहिलं नाही. ट्रकला उशीर झाला होता आणि कोणी चढलं की माझी बेचाळीस बिघडणार होती.

"चलू द्या," मी म्हटलं. "आपली काय यष्टी हाय? जागा नाही."

भैय्यालालने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गियर टाकला.

आंधळगावला काकांच्या दारात ट्रक थांबला. सगळी माणसं डोक्यापर्यंत शालीत गुंडाळलेली. काकांनी दाराला कुलूप घातलं आणि काकांची माणसं वर चढली. मी यादी काढून खालून ओरडलो, "करडीची चूल?" मोठी आई म्हणाली, "सगडे हाय!" "कारध्याची?" माझी बायको म्हणाली, "हाय!" "आंधळगावची?" टिकारामकाकांची ललिताकाकू म्हणाली, "सगडे चढले!" तिघींपैकी एकही खोटं बोलली नाही. करडीच्या यादीत आत्याबाई नव्हती, कारण संक्रांतीला तिची करडीची पाळी संपत होती. आंधळगावच्या यादीतही नव्हती, कारण यादी केली तेव्हा ती करडीला होती. मोठी आई समजली ती आंधळगाववाल्यांत आहे. काकू समजली भोगीपर्यंत तिची पाळी करडीची, तर ती करडीवाल्यांत आली असेल. आणि मी? मी काहीच समजलो नाही. मी चुली मोजल्या. तिला चूल नव्हती.

गायमुखला पोचलो. दगडी गाईच्या तोंडातून पडणाऱ्या धारेखाली पोरं ओरडत न्हाली. चुलत भावांचे जुने रुसवे रोडग्यांच्या धुरात निघून गेले, मोठेबाबा आणि काका एकाच सतरंजीवर आडवे झाले. मला फार मोठेपणा वाटत होता. पोरं इकडेतिकडे पांगलेली, बायका चार ठिकाणी बसलेल्या, म्हातारी इथे नसली तर तिथे असेल असंच ज्याला त्याला वाटत होतं.

दुपारी पंगत बसली. एका रांगेत चार पिढ्या. मी पत्रावळी मांडत गेलो. शेवटच्या माणसासमोर पत्रावळ ठेवली, माझी स्वतःची मांडली, तरी हातात एक उरली.

"एक जास्त आली," मी म्हटलं.

"जास्त कशी येईन?" मोठी आई म्हणाली. "आत्याबाईनं दोनदा मोजून देल्ल्या. त्रेचाळीस." आणि मग रांगेकडे बघत म्हणाली, "आत्याबाई कोठी हाय?"

काकू म्हणाली, "तुमच्यात नाही का?"

मी खिशातून यादी काढली. तिन्ही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. दोनदा वाचले. मग मला करडीचं अंगण आठवलं, आणि माझं बोट जिथे होतं ती जागा मी पाहिली. तिथे माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: मोठा गंज, एक.

मग रस्त्यावरचा तो पांढऱ्या लुगड्यातला हात आठवला. भैय्यालाल पंगतीच्या टोकाला बसला होता. तो माझ्याकडेच बघत होता. त्यालाही कळलं होतं, एवढं मला कळलं. मी मान खाली घातली. मोठेबाबा म्हणाले तिला बरं नसेल, करडीलाच राहिली असेल. मी हो म्हटलं. लोक जेवले. मीही जेवलो.

दिवस कलायच्या सुमारास ट्रक काकांच्या दारात आला. कुलूप लावलेल्या दाराच्या ओट्यावर आत्याबाई बसली होती. शेजारी गाठोडं. शेजारच्या मालनबाईने सांगितलं, सकाळपासून बसली आहे, जेवायला बोलावलं तर येत नाही, आज माझी या घरची पाळी आहे म्हणते. सणाच्या दिवशी, पाळीच्या घराच्या बंद दाराशी, सत्तरी ओलांडलेली बाई उपाशी बसली होती, आणि आम्ही बेचाळीस जण रोडगे खाऊन ढेकर देत ट्रकातून उतरत होतो.

"आत्याबाई, तुम्ही काहून नाही आल्या वं?" काकूने विचारलं.

आत्याबाईने आधी ट्रकाच्या समोरच्या काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला दूरचं दिसत नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ट्रक तिच्या हातभर अंतरावरून गेला होता.

"माहे गुडघे दुखून राहिले होते, बाई," ती म्हणाली. "पहाटे उठनंच झालं नाही. माह्यानंच उशीर झाला."

पोरं तिच्याभोवती गोळा झाली. तिने गाठोडं सोडून त्यांच्या हातावर तिळाचे लाडू ठेवले. मला वाटलं आता सांगावं, पायावर डोकं ठेवावं. सगळ्यांसमोर माझी लाज जाईल म्हणून ठेवलं नाही. काकू चूल पेटवायला आत गेली तेव्हा आत्याबाईने मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, "पंगत झाली? सगडे बसले एका रांगेत?"

"बसले, आत्याबाई."

"कृष्णा आन् टिकाराम बाजूबाजूले बसले?"

"बसले."

ती खूश झाली. खरोखर खूश झाली. मग म्हणाली, "आन् माह्या नावाची जागा? ते खाली तं नाही ना गेली? कोनाले तरी बसवलं असन तुनं?"

"हो," मी म्हटलं. "बसवलं."

"बरं केलं," ती म्हणाली.

त्यानंतर ती दीड-पावणेदोन वर्षं होती. दोनदा आंधळगावची पाळी पुरी केली, दोनदा कारध्याला आली. कारध्याच्या आठ महिन्यांत रोज सकाळी तिच्यासमोर चहाचा कप ठेवताना मला सांगायचं होतं. एकदाही तोंड उघडलं नाही. तीही कधी बोलली नाही. पुन्हा गायमुखचा विषय निघाला की गुडघे चोळत म्हणायची, "तुमी जा बाप्पा."

त्र्याऐंशीच्या पोळ्याला, कारध्याची पाळी संपली त्या सकाळी, गाठोडं बांधून ती ओट्यावर टेकली ती उठलीच नाही. तेरावं कुठे करायचं यावर वाद झाला नाही. तिन्ही घरची मंडळी कारध्याला आली, आणि वाटणीनंतर दुसऱ्यांदा सगळे एका पंगतीत बसले. पत्रावळी बाजारच्या होत्या. यादी करायला मला कोणीतरी कागद दिला, मी तो परत केला.

मी वाढत होतो. भैय्यालालही जेवायला आला होता. पंगतीच्या टोकाला बसला होता, तसाच. मी त्याच्यासमोर भात वाढून घाईने पुढे सरकलो, तर त्याने माझा हात धरला. बाजूची पत्रावळ रिकामी होती. त्याने जरा सरकून घेतलं आणि मला म्हणाला,

"बसा ना साहेब. जागा हाय."