पुढच्या वर्षीचं माप

सोलापूर स्टेशनवर आम्हाला निरोप द्यायला जेवढी माणसं आली होती, त्यातल्या निम्म्यांचा समज असा होता, की आम्ही नेपाळला फुटबॉल खेळायला चाललोय. माझं वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, डाव्या गुडघ्याला पट्टा. बरोबर पंचेचाळीशीच्या सुनंदाताई आणि जाड भिंगांच्या चष्म्याचा शौकत. तरीही एकाने माझ्या गळ्यात हार घातला आणि बजावलं, "मास्तर, गोल मारूनच या!" मी मान डोलावली. गळ्यात हार पडल्यावर खरं सांगत बसायची आपल्याकडे पद्धत नाही.

खरं म्हणजे आम्ही खेळाडू नाही, खेळाचे वेडे आहोत. आमची गल्ली शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांची. काम सुटलं की सगळे टेकबहादुरच्या गाड्यावर जमतो. टेक नेपाळचा, बारा वर्षं सोलापुरात चायनीजचा गाडा लावतो. त्या गाड्याला त्याने एक छोटा टीव्ही टांगलाय. मॅच असली की आम्ही वीस-पंचवीस जण स्वतः शिवलेल्या जर्स्या घालून, ज्या गावाचं नाव नीट उच्चारता येत नाही त्या गावच्या संघासाठी घसा फोडतो. मी कटिंग मास्तर, म्हणजे कापड बेतून कापणारा. सुनंदाताई कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर आणि शौकत शिलाईवर. मी घरात तेलुगू बोलतो, कारखान्यात मराठी, आणि मॅच बघताना तोंडाला येईल ती भाषा.

टेकची मुलगी सरिता तेरा वर्षांची, तिकडे डोंगरातल्या शाळेत गोलकीपर. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेला तिचा संघ तीन तास चालून गेला आणि मैदानाच्या कडेवरूनच परत आला. कारण काय, तर एकीच्या अंगात फ्रॉक, दुसरीच्या अंगात भावाची पँट, आणि नंबर कोणाच्याच पाठीवर नाही. संघासारखे कपडे नाहीत तर खेळता येणार नाही, असा तिथला नियम. टेकने हे नूडल्स परतता परतता सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाच्या मुलीची गोष्ट.

सुनंदाताई मोहोळकडच्या. त्यांना राग आला की तो आधी हातातल्या ताटलीला कळतो. ताटली आपटून त्या म्हणाल्या, "आपण अख्ख्या म्हाराष्ट्राच्या पोरांस्नी कापडं घालतो, आन् आपल्या टेकच्या पोरीला न्हाय? लाज वाटाया पायजे की!"

तिथून सगळं सुरू झालं: पोरींचे कपडे आपण शिवायचे आणि स्वतः नेऊन द्यायचे. दर रविवारी आम्ही मैदानावर गोलपोस्ट मांडून टेकला मध्ये उभं केलं. त्याला चकवून गोल मारला तर शेंगाचटणीचं पाकीट बक्षीस, चुकला तर डब्यात मदत टाकायची. सोलापूरकर नेम चुकवण्यात इतके उदार निघाले, की चटणी उरली आणि डबा भरला. कारखान्याच्या मालकांनी कापड दिलं. सरिताच्या मुख्याध्यापिकेने पंधरा मुलींची मापं फोनवर पाठवली. कापायला मी बसलो.

आमच्या धंद्याचा एक धर्म आहे. लेकराचा कपडा आजच्या मापाचा बेतायचा नाही. आईबाप तो दोन वर्षं चालेल म्हणून घेतात. त्यामुळे अंगात सैल, लांबीला चार बोटं जास्त, आणि शिवणीच्या आत दाब (मूल वाढलं की उसवून सोडायचं राखीव कापड). तीस वर्षं माझी कात्री याच वळणाने चालते, तशीच याही वेळी चालली. शौकतने सवयीने पहिल्या जर्सीला छातीवर खिसा लावला, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर हसलो. "गोलकीपर खिशात काय ठेवणार रे, पेन?" दुसऱ्याची सवय लगेच दिसते.

टेकसकट आम्ही चौघं निघालो: दौंडला गाडी बदलून गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सरहद्द. आमच्या सामानात चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीनचं डोकं (पायटा सोडून वरचा भाग, मोटारीसकट) होतं. डब्यात त्याला वरचा बर्थ मिळाला आणि मी बसून आलो. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने चादर उघडायला लावली. विकायला आणलंय का, असं त्याने हिंदीत विचारलं. शौकतने त्याच्या शर्टाच्या लोंबणाऱ्या बटणाकडे बोट दाखवलं, खिशातून सुईदोरा काढला आणि उभ्या उभ्या ते बटण लावून दिलं. साहेब हसले. "जाइए, मास्टरजी." मास्तर मी होतो, पण जाऊ द्या.

बुटवलपासून घाट लागला. ज्याने आयुष्यभर सोलापूरचं सपाट रान बघितलं, त्याने त्या बसमध्ये खिडकीपाशी बसू नये. खाली नदी, वर ढग, आणि मध्ये आमची बस कर्णा वाजवत निघालेली. सुनंदाताईंनी तीन तास डोळे उघडले नाहीत. तानसेन गावात बस थांबली, आणि उतरल्याबरोबर माझ्या कानांनी ओळखीचा आवाज पकडला. खट्-खट्, खट्-खट्. हातमाग! एक बाई ढाका (तिथलं रंगीत नक्षीचं कापड) विणत होती. माझे आजोबा मागावर बसत. मी दारातच उभा राहिलो. तिने हसून मला माग चालवायला दिला, मी दोन धागे तोडले, तिने माग परत घेतला.

पुढे जीप, आणि जीप थांबली तिथून तासभर चढ. शाळेच्या अंगणात सगळं गाव उभं होतं. "आउनुस्, आउनुस्" (या, या) म्हणत त्यांनी आमच्या कपाळाला टिळे लावले. टेकला त्याच्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिले. तीन वर्षांनी भेटत होते. जेवायला ढिँडो (पिठाचा घट्ट घाटा) आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याचा रस्सा) होता. गुन्द्रुकचा पहिला घोट घेतल्यावर सुनंदाताईंनी दिवसभरात पहिल्यांदा डोळे नीट उघडले. "ही तर आपल्या अंबाडीची सख्खी भैन हाय की!" आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. मुख्याध्यापिका चटणी खाऊन दहा मिनिटं पाणी पीत होत्या, आणि तरीही "मिठो छ" (चविष्ट आहे) म्हणत होत्या.

मग कपडे वाटले. लाल जर्सी, पांढरी चड्डी, पाठीवर कापून शिवलेले नंबर. मुली आत जाऊन घालून आल्या, टाळ्या पडल्या, सगळ्या म्हणाल्या, "राम्रो छ" (छान आहे). माझी छाती फुगली. स्पर्धा परवा शनिवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी होती. त्यानंतर आठ दिवस राहून आम्ही लहान मुलांचे युनिफॉर्म शिवणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सरावाला उतरल्या. मी कौतुकाने बघत होतो. सुनंदाताई मात्र बघता बघता मैदानात गेल्या, एका मुलीची जर्सी कमरेपाशी वर केली आणि मला हाक मारली.

"मास्तर, हितं या जरा."

चड्डीच्या कमरेला दोन घड्या घालून तीन सेफ्टी पिना लावल्या होत्या. दुसरीच्याही तेच. पंधराच्या पंधरा जणींच्या कमरेला पिना, बाह्यांना आतून धावदोऱ्याचे टाके. सरिताची चड्डी तर नडगीपर्यंत येत होती. ती चेंडू अडवायला झेपावली, की एक हात चेंडूकडे जायचा आणि दुसरा कमरेकडे. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून पोरींनी कोणाला न सांगता पिना लावल्या होत्या. आणि पिना लावलेल्या कोणालाच पंच आत सोडणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मी काय करावं? माझी चूक झाली, असं म्हणावं. पण माणूस त्रेपन्न वर्षांचा झाला, की हे वाक्य घशात अडकतं. मी म्हणालो, "मापात चूक नाहीये. वाढत्या अंगाचं बेतलंय. पुढच्या वर्षी बघा, अगदी फिट्ट बसेल."

टेक माझ्याशेजारीच उभा होता. बारा वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"मास्तर, पुढच्या साली ती नाय खेळत! चौदा पुरे होतात, मग ह्या टीममध्ये घेत नाय. ती उद्या खेळते. उद्या!"

मग तो थोडा शांत झाला आणि हळू बोलला, "दर दशैंला (तिकडचा दसरा) तुमच्याकडूनच ड्रेस शिवून पाठवतो की नाय? काय सांगतो मी तुम्हाला? 'मोठा शिवा.' बापाला माहीत नाय, पोरगी केवढी झाली. म्हणून मोठा. तिच्या अंगाला बसलेला कपडा मी कधी बघितलाच नाय, मास्तर."

ते सगळे ड्रेस माझ्याच हातचे. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवावीशीही वाटली नाही. मी सगळ्यांसमोर कान पकडले. मग गळ्यातला टेप काढून टेकच्या हातात दिला.

"घे. तिचं माप तू घे."

त्याने टेप उलटा धरला. मी सुधारायला गेलो नाही. सरिता हात पसरून उभी राहिली, तिला गुदगुल्या होत होत्या. त्याने कंबर मोजली, मग बाही, मग गरज नसताना डोक्यापासून टाचेपर्यंत उंची मोजली. उंची त्याने पुन्हा मोजली. आकडा त्याने मोठ्याने सांगितला. मी तो वहीत लिहून घेतला, जर्सीला त्याचा काही उपयोग नव्हता तरी.

मग कामाला लागलो. शाळेच्या बाकावर मशीन बसवलं, पंधरा जर्स्या आणि पंधरा चड्ड्या उसवायला काढल्या. दुसरी चड्डी झाली आणि मुली ओरडल्या, "बत्ती गयो!" (लाइट गेली). मोटार बंद. शौकतने चष्मा पुसला. "टेन्शन नक्को लेव मास्तर. चक्का हाताने घुमता ना?" मग मुलींनी पाळ्या लावून मशीनचं चाक हाताने फिरवलं. शौकत कापड सरकवायचा आणि "हौ, हौ, आहिस्ता" म्हणायचा. सुनंदाताई हाताने कडा दुमडत होत्या. मी एकेकीला समोर उभं करून खडूने खुणा केल्या, आणि खरं सांगतो, कापायला प्रत्येक वेळी जिवावर आलं. हात आपोआप खुणेच्या बाहेर जायचा. जास्तीचं कापड मी कापून टाकत होतो, आणि वाटत होतं, कोणीतरी आई येऊन मला रागावणार. दिवस मावळायच्या आत शेवटची चड्डी झाली. सरिता घालून आली, दोन उड्या मारल्या, खाली बसली, उठली.

"ठिक्क छ" (अगदी बरोबर बसलंय), ती म्हणाली. या वेळी ती माझ्याकडे बघून नाही, स्वतःच्या पायांकडे बघून बोलली.

शनिवारी मैदानावर मोठी गर्दी होती. संघ रांगेत उभा राहिला आणि आयोजकांपैकी एक जण हातात यादी घेऊन आला. त्याने पाठीवरचे नंबर बघितले, चड्ड्या बघितल्या, कमरेला पिन-बिन नाही ना ते बघितलं. त्याने यादीवर खूण केली आणि तो पुढच्या संघाकडे गेला. बस्स, एवढंच! सुनंदाताईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की ती दोन दिवस दुखत होती. टेक डोळे पुसत होता. आम्ही सोलापुरी आरोळ्या ठोकायला सुरुवात केली, तेव्हा गर्दी मैदान सोडून आमच्याकडेच बघायला लागली.

समोरचा संघ मोठ्या गावचा, पायात बूट, मागे दोन शिक्षक. आमच्या मुलींनी एक गोल केला, तीन खाल्ले. पण सरिताने किती अडवले ते मोजायचं मी सोडून दिलं. एकदा ती डाव्या कोपऱ्यात आडवी झेपावली, दोन्ही हात पुढे, आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढला. शौकत चष्मा काढून नाचत होता, त्याला काहीही दिसत नसताना.

पुढचे आठ दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे लहानग्यांचे युनिफॉर्म शिवले. निघताना जीपपाशी टेक म्हणाला, "मास्तर, मी दशैं करून येतो. गाड्यावर ताडपत्री टाका." आम्ही तिघंच परत आलो, घाटात पुन्हा सुनंदाताईंचे डोळे मिटलेले.

सोलापूर स्टेशनवर उन्हाचा तडाखा होता, आणि तो मला फार गोड वाटला. गल्लीत पोचलो तर ताडपत्री घातलेल्या गाड्यापाशी सगळे जमले होते. पहिला प्रश्न आलाच. "मास्तर, जिंकलो का?"

"हरलो," मी म्हणालो. "तीन-एक."

सगळे हळहळले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी पंचाला शिव्या दिल्या. त्यांना कसं सांगू, की या गल्लीत माझ्याएवढा खुशीतला माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता? मॅच चालू असताना मी तासभर त्या मैदानाच्या कडेला उभा होतो. भोवती शेकडो माणसं. कोणी सरिताला शाबासकी देत होतं, कोणी तिसऱ्या गोलाबद्दल बोल लावत होतं, दोन म्हातारे तिच्या त्या झेपेवरून भांडत होते. त्या सगळ्या वेळात एकाही माणसाने तिच्या कपड्यांकडे पाहिलं नाही. आणि तिनेही नाही. तीस वर्षं कात्री चालवतोय, माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं.