पुठ्ठ्याखालचं टाकं

आधीच सांगते, असले अनुभव वाचून नाक मुरडणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच जरा राग येतोय.

मी जर्मनीत बॉनला पीएचडी करते. इथल्या एका संग्रहात आपल्याकडच्या लेण्यांची, मूर्तींची एकोणिसाव्या शतकातली रेखाटनं आहेत — चित्रकारांनी दिवसचे दिवस जागेवर बसून काढलेली. त्यांच्या नोंदी करणं हे माझं काम. गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती, तर एका सकाळी तिला तिथे घेऊन गेले.

उटे म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारी माझी सहकारी. तिने कौतुकाने एक चित्र काढून टेबलावर ठेवलं. जुन्नरकडचं लेणं. कडेने पुठ्ठ्याची चौकट, शंभरेक वर्षांपूर्वी चिकटवलेली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "डावीकडचं पाण्याचं टाकं झाकलंय गं यांनी. काठावर बाई बसलीय... एक पाय पाण्यात सोडून. किती वेळ उन्हात बसवलंय बिचारीला. तो पुठ्ठा काढायला सांग ना यांना."

आई अमरावतीची. जुन्नर तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, हळू बोल. आणि इथे असलं काही नको," मी म्हटलं.

उटेने विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"चित्र छान आहे म्हणतेय."

खरं सांगू? लाज वाटली मला. जिने आयुष्यभर शाळेत शिकवलं, मला इथवर पाठवलं, तिची लाज वाटली. परतताना ट्राममध्ये आई एवढंच म्हणाली, "माझं तिला सांगितलंच नाहीस तू." मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

नोव्हेंबरमध्ये अमरावतीला आई वारली.

मार्चमध्ये पुठ्ठ्याला बुरशी लागली म्हणून उटेने चौकट सोडवली आणि मला बोलावलं. डावीकडे टाकं होतं. काठावर बाई... एक पाय पाण्यात.

मी खूप शोधलं. या चित्राची दुसरी प्रत कुठे सापडली नाही, फोटो नाही. लेण्याचा तो भाग आईच्या जन्माआधीच ढासळलाय.

"तुझ्या आईला किती आवडलं होतं हे," उटे म्हणाली. मग मात्र मला राहवेना. त्या सकाळी आई काय म्हणाली होती ते शब्दन्‌शब्द सांगून टाकलं.

उटेने सुटलेला पुठ्ठा हातात घेतला. मग म्हणाली, "अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस? त्यांच्यासमोर काढला असता मी पुठ्ठा."

आईला ते कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. उटेच्या प्रश्नाचं आहे, आणि तेच जास्त छळतं.